क्लीनर साइडला बसणाऱ्या आपा

आमच्या घरमालकीणबाई वर्तमानपत्र उलटं धरून वाचत. ओसरीच्या पायरीवर बसायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं खालची बाजू वर करून वाचायचं, हा त्यांचा सकाळचा कार्यक्रम. स्टेशनकडे निघालेला एखादा नवखा माणूस भल्या मनाने थांबून "मावशी, पेपर उलटा धरलाय" म्हणाला, की त्याच उलट्या पानावरची बातमी त्या त्याला खडखडीत वाचून दाखवत. तो बिचारा ओशाळून चालू लागे आणि या दिवसभर खुशीत असत.

मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही चांगलं लिहिलंच, तर ते नाइलाजाने लिहिलंय हे वाचणाऱ्याला कळेल.

सगळं कान्हे गाव त्यांना आपा म्हणे. देहूरोडला लष्कराच्या एका डेपोत त्या ड्राफ्ट्समन होत्या. "ड्राफ्ट्समनच. रेषेला बाई-बुवा कळत नाही," असं म्हणायच्या. उभी नोकरी शेड, रॅम्प आणि गोदामांचे नकाशे काढण्यात गेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. वडिलांनी बांधलेलं बैठं घर होतं, त्यातला निम्मा भाग स्वतःकडे ठेवून उरलेल्या दोन खोल्या त्या भाड्याने देत. निवृत्त झाल्यावर कुणी बागेत रमतं, कुणी नातवंडांत. आपा मेंदूत रमल्या. नमाज नेमाने चालू असे, पण बोलायचा विषय एकच, मेंदू. तो गंजू द्यायचा नाही.

त्यासाठी त्या दात डाव्या हाताने घासत. बाजारात रोज वेगळ्या रस्त्याने जात, मग तो रस्ता कुणाच्या परसातून का जाईना. फोनवरचा नकाशा बघणाऱ्या माणसाला त्या पाणीसुद्धा हसत विचारत नसत. झोपेची वेळ ठरलेली, ती टळली तर दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्याचं प्रायश्चित्त. मिठाचा डबा त्यांनी मुद्दाम सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता, हात जाऊन रक्तदाब वाढू नये म्हणून. आणि घरात डावं-उजवं म्हणायची बंदी. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं. दिशा जागची हलत नाही," असं त्यांचं म्हणणं. मी साखर मागायला गेले की आतून आवाज यायचा, "पश्चिमेच्या कपाटात, ईशान्येच्या कोपऱ्यात." मी सगळी कपाटं उघडायचे. साखर शेवटच्या कपाटात सापडायची, तोवर चहाचं पाणी आटलेलं.

दर महिन्याला त्या घरातलं सामान हलवत. पलंग खिडकीखाली, कपाट दाराजवळ, टेबल कपाटाच्या जागी. "डोळे मिटून फिरता आलं पाहिजे, आणि तेच पुन्हा पुन्हा फिरून उपयोग नाही," असं म्हणून स्वतःच पलंगाला पाठ लावायच्या. आमच्याही खोल्यांत ढवळाढवळ करायला यायच्या. माझ्या नडग्यांना त्या काळात जेवढं लागलं तेवढं लहानपणी लंगडी खेळतानाही लागलं नव्हतं.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. विक्षिप्त माणसं मी शाळेत कमी पाहिली नाहीत. मी मराठी शिकवायचे, आणि आमच्या स्टाफरूममध्ये एकाहून एक नग होते. माझं दुखणं वेगळं होतं.

आम्ही आपांकडे आलो ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे मूळचे तिकोणा पेठेचे. लोणावळ्यात त्यांची जीप होती, पर्यटकांना पॉइंट दाखवायची. मावळातला रस्ता न् रस्ता त्यांच्या डोक्यात. धुक्यात पुढचं बॉनेट दिसत नसताना "आता वळण येतंय" म्हणून गाडी वळवायचे, आणि वळण तिथेच असायचं. मला मात्र रस्त्यातलं काही कळत नाही. लोणावळ्याच्या बाजारात एका गल्लीतून शिरले की दुसऱ्या गल्लीने बाहेर पडेपर्यंत माझा जीव वर-खाली. जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी बसायचे आणि झोपून जायचे. रस्ता बघायचं काम त्यांचं.

मग एका सकाळी ह्यांना झटका आला. हात-पाय त्यातून पुष्कळ सावरले, पण जगाची डावी बाजू गेली. डोळे चांगले होते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की डोळ्यांना दिसतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. त्याच्या लेखी ती बाजू नाहीच. हे ताटातली उजवीकडची निम्मी भाकरी खायचे आणि "वाढ की" म्हणायचे. दाढी अर्ध्याच गालाची करायचे. दाराच्या डाव्या चौकटीवर रोज खांदा आपटायचे आणि चौकटीवरच चिडायचे. सगळ्यात वाईट म्हणजे काही हरवलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. ज्या माणसाच्या डोक्यात सगळं मावळ होतं, त्याला मोरीतून पलंगापर्यंत येता येईना. लोणावळ्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना दोनदा पडता पडता वाचले. म्हणून बैठं घर बघत आम्ही कान्ह्याला आलो.

आपांनी पहिल्या भेटीत भाड्याचं काढलं नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. दारातच मला विचारलं, "या घराचं तोंड कुठे आहे?"

परीक्षा घेण्याची सवय मला, देण्याची नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि "पश्चिमेला" असं ठोकून दिलं. हे माझा खांदा धरून उभे होते. ते म्हणाले, "पुन्याकडं हाय तोंड. दुपारचं ऊन घराच्या पाठीमागनं येतंय न्हवं?"

आपांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की विचारू नका. ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही राहा." मग माझ्याकडे बोट करून, "यांनाही घेऊन या."

यांनाही!

त्या दिवसापासून आपांनी माझा नवरा ताब्यात घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. माझं असं होतं, की झटक्यानंतर मी ह्यांच्या कायम उजवीकडे बसायचे. डावीकडे बसले तर मी त्यांना दिसायचेच नाही, "कुटं गेलीस?" म्हणून हाका मारायचे, आणि मला रडू यायचं. जेवताना त्यांनी उजवी बाजू संपवली की मी हळूच ताट फिरवून ठेवायचे. उरलेली भाकरी उजवीकडे आली की ते "आत्ता कसं!" म्हणून खायला लागायचे. यात मला कुठेतरी बरंही वाटायचं. माझ्यावाचून यांचं पोट भरत नाही, असं.

आपांनी एकदा हे पाहिलं आणि ओसरीवरूनच ओरडल्या, "बाई, ताट फिरवू नका! माणसाला फिरू द्या!"

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनेही मला हेच सांगितलं होतं, की डावीकडे बसा, डावीकडून बोला, त्यांना मान वळवावी लागली पाहिजे. पण तिने ते गोड शब्दांत सांगितलं होतं, त्यामुळे मला ते ऐकू आलं नव्हतं. आपांनी ट्रकच्या मागे लावतात तसली लाल रेडियमची पट्टी आणली आणि ह्यांच्या ताटाच्या डाव्या कडेला चिकटवली. "भाऊ, रेडियम दिसेपर्यंत ताट संपलं नाही. समजलं?"

"समजलं," हे म्हणाले. मला आजवर या माणसाने एवढ्या चटकन "समजलं" म्हटलेलं नाही.

त्या दिवशी ताट तसंच अर्धं राहिलं. पट्टी काही दिसली नाही. ह्यांचं पोट अर्धवट भरलं आणि माझं डोकं पेटलं. मी आपांना म्हटलं, "तुमचं काय जातं शिकवायला? उपाशी माझा नवरा राहतोय."

आपा शांतपणे म्हणाल्या, "तुमचाच आहे. पण सध्या निम्माच आहे. उरलेला निम्मा शोधायचाय की नाही?"

मी आत जाऊन भांडी आपटली.

आपांची आणखी एक खोड म्हणजे छेद. ड्राफ्ट्समन लोक एखादी वस्तू मनातल्या मनात कापून आत कशी दिसेल ते काढतात, त्याला छेद म्हणतात. आपा हा प्रयोग भाजीवर करत. कामशेतच्या बाजारात कारलं हातात धरून भाजीवालीला विचारायच्या, "हे तिरकं कापलं तर काय आकार दिसेल? आणि उभं?" ती बाई पहिल्यांदा गोंधळायची, मग हसायची, मग हळूहळू बरोबर सांगायला लागली. इतकी, की आपा दिसल्या की तीच भोपळा उचलून विचारी, "आपा, सांगा बरं!" दोघी भर बाजारात भोपळ्यावरून तावातावाने बोलत आणि मी पिशवी धरून बाजूला उभी. घरी आल्यावर तोच खेळ ह्यांच्याबरोबर. हे टोमॅटो हातात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आडवा कापला तर गाडीच्या चाकावानी. मधी आरं." आपा टाळी वाजवायच्या.

मी चोरून सराव केला. खोटं कशाला बोलू? घरात कुणी नसताना काकडी समोर ठेवायची, डोळे मिटायचे, आकार ठरवायचा, मग कापून बघायची. त्या दिवसांत आमच्याकडे कोशिंबीर फार झाली. काकडी तिरकी कापली तर लांबट गोल निघतो, हे मला स्वतःच्या बुद्धीने कळलं तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी ते सहज बोलता बोलता आपांपुढे टाकलं. आपा मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर." बस्स, एवढंच. टोमॅटोला टाळी आणि काकडीला "बरोबर".

आता मुख्य गोष्ट. "डावीकडे बघा" म्हटल्याने ह्यांच्यावर काही परिणाम होईना, हे आपांच्या लक्षात आलं. "पूर्वेकडे बघा" करून झालं. "हृदयाच्या बाजूला बघा" हेही करून झालं. हे "व्हय, व्हय" म्हणायचे आणि उजवीकडेच बघायचे. एकदा बोलता बोलता हे म्हणाले, "माझ्या जीपला क्लीनर साइडला एक पोचा होता, त्यो म्या कधी काढला न्हाई." गाडीवाले लोक डावं-उजवं म्हणत नाहीत, त्यांची उजवी ती ड्रायव्हर साइड, डावी ती क्लीनर साइड. आपा बसल्या जागी सरळ झाल्या.

दोन दिवसांत त्यांनी कामशेतच्या एका गॅरेजमधून मोडीतलं स्टिअरिंग आणलं. अंगणात हात असलेल्या प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या मांडल्या, पुढे दोन, मागे दोन. पुढच्या उजव्या खुर्चीवर हे, मांडीवर स्टिअरिंग. आणि पुढच्या डाव्या खुर्चीवर, जिथे मी जन्मभर बसून झोपत आले, तिथे पदर खोचून आपा.

"चला भाऊ, तिकोणा पेठ. गाडी काढा."

ह्यांनी तोंडाने स्टार्टर मारला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. झटका आल्यापासून या माणसाच्या तोंडावर जो एक मेणचट निर्विकारपणा आला होता, तो पार गेला. हॉर्न काय, गिअर काय, समोरून येणाऱ्या डंपरला शिव्या काय! आपांना रस्त्यात येईल ते सांगत होते. सगळं ड्रायव्हर साइडचं. पंप आला, टपरी आली, मंगल कार्यालय आलं.

"आणि क्लीनर साइडला?" आपांनी विचारलं.

"काय न्हाई," हे म्हणाले. "धुकं हाय तिकडं."

कान्ह्याहून तिकोणा पेठेला जायचं तर हायवेने कामशेतला यायचं आणि तिथे पवनेकडे डावीकडे वळायचं. दुसरा विचारच नाही. पण डावीकडे धुकं. त्यामुळे ह्यांची गाडी कामशेतच्या चौकातून सरळ पुढे जायची. लोणावळा गाठायची, खंडाळा गाठायची. स्वतःच्या जन्मगावाला निघालेला माणूस रोज खंडाळ्याला पोचायचा, आणि आपण चुकलो हे त्याला ठाऊकच नसायचं. आपा कधी रागावल्या नाहीत. "आज पण खंडाळा? बरं, भजी खाऊ," म्हणायच्या आणि आत येऊन मला खरोखरची भजी तळायला सांगायच्या.

भजी मी तळायची. सहल त्या दोघांची.

हे रोज चालायचं. दुपारची विश्रांती झाली की हे आपणहून अंगणात जाऊन बसायचे आणि हाक मारायचे, "आपा, गाडी तयार हाय." मला हाक मारायचे ती चष्मा सापडेना म्हणून, नाहीतर गोळी कुठली घ्यायची म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कुणी "चल, उगाच फिरून येऊ" म्हटलं नव्हतं, कारण जीप म्हणजे धंदा. आता खोट्या जीपमधून ती बाई रोज मावळ पालथं घालत होती. आपांनी एकदोनदा मला बोलावलं, "तुम्ही बसा आज माझ्या जागी." माझ्या जागी! मी म्हटलं, "मला नाही जमत तुमच्यासारखं." आणि मागच्या खुर्चीवरही बसले नाही. पाहुण्यासारखं मागे कोण बसणार?

एका दुपारी वीज गेली होती. आपा आमच्याकडे येऊन बसल्या होत्या आणि हे आत झोपले होते. काही विषय नसताना म्हणाल्या, "माझी अम्मी शेवटी याच घरात बसून विचारायची, घरी कसं जायचं? मी ड्राफ्ट्समन. मी तिला घराचा प्लॅन काढून दिला, मोठ्या अक्षरात, रंग भरून. तू इथे आहेस, इथे तुझा पलंग. ती म्हणाली, चित्र छान आहे." मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणून मी रोज स्वतःला तपासते, बाई. पेपर उलटा वाचता आला की त्या दिवसापुरतं बरं वाटतं."

मला त्यांची दया आली. आणि दया आली याचा राग आला. ज्या बाईचा हेवा करायचा ती बाई निदान सुखी तरी असावी. मी त्यांना चहा करून दिला. आमची साखर संपली होती, त्यांच्या कपाटातली न विचारता सापडली, एवढंच त्या दुपारचं समाधान.

आणि मग तो दिवस आला. मी खिडकीशी उभी राहून तांदूळ निवडत होते. गाडी कामशेतच्या चौकात आली होती. "क्लीनर साइडला काय, भाऊ?" आपांनी नेहमीसारखं विचारलं. मी वर पाहिलं. ह्यांची मान हलत होती. अडकलेला दरवाजा लोटावा तशी थोडी थोडी करून ती डावीकडे गेली.

"क्लीनर साइडला," हे म्हणाले, "तुमी बसलाय."

"कोण मी?"

"आपा. हिरवी साडी हाय. पदराला चहाचा डाग पडलाय."

आणि एकदम ओरडले, "आरं! हितनं वळायचं न्हाई का? पवनेला हितनंच जायचं!" आणि त्यांनी स्टिअरिंग डावीकडे असं फिरवलं, की आपा खुर्चीसकट कलंडता कलंडता राहिल्या.

आपा रडत होत्या, हसत होत्या, "बाई, लवकर या!" म्हणून मला हाका मारत होत्या. मलाही धावत जावंसं वाटलं, नाही असं नाही. तांदूळ सगळे ओट्यावर सांडले होते. पण कित्येक महिन्यांनी माझ्या नवऱ्याला डावीकडचं पहिलं माणूस दिसलं, आणि ते मी नव्हते. मी आतूनच ओरडले, "येते, दूध उतू जातंय." गॅसवर दूध नव्हतं.

यातला गुण फिजिओथेरपीचा किती, गोळ्यांचा किती, आपांच्या खुर्चीचा किती आणि मेंदूने आपल्या चालीने किती केलं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी मुद्दाम विचारलं होतं. मनात होतं, की त्यांनी "आपांचा काही संबंध नाही" म्हणावं. ते म्हणाले, "त्यांचं चालू द्या, चांगलं आहे."

त्यानंतर धुकं एकदम नाही गेलं. काही दिवस पुन्हा खंडाळाच. पण मधूनमधून गाडी वळायला लागली. बेडसे फाटा मागे पडला की क्लीनर साइडला एकेक गोष्ट उगवायला लागली. आधी गुलाबांची पॉलिहाऊसं, मग कुणाची तरी म्हैस, मग पवनानगरचा बाजार. तिकोणा पेठेला पहिल्यांदा पोचले त्या दिवशी परत फिरताना ह्यांनी गाडी हळू केली. कारण येताना धरणाचं पाणी क्लीनर साइडला असतं. "पानी दिसतंय, आपा," एवढंच म्हणाले. ताटातली रेडियमची पट्टीही सापडायला लागली. दाराची चौकट वाचली. एकदा तर मी डाव्या हाताला बसले असताना माझ्या वाटीतला लाडू उचलून खाल्ला. पण मला हे दिसत होतं, की आपा बाजूला असल्या तरच मान वळते. आपा विचारणार, तेव्हा हे बघणार. मी डावीकडून कितीही बोलले तरी आधी उजवीकडे शोधायचे, मग कंटाळून आपांना विचारायचे, "ही कुटं गेली?"

मग आपांचे गुडघे गेले. ओसरीवरून उठता येईना, नव्या नव्या रस्त्यांनी बाजारात जायचं तर दूरच. मिरजेची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. घर आमच्याच ताब्यात ठेवलं, भाडं भाचीकडे पाठवायचं. निघायच्या दिवशी आपा ओसरीवर डोळे मिटून बसल्या आणि स्वतःच्या घरातली एकेक वस्तू कुठे आहे ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या. गाडी दारात उभी होती. मग मला म्हणाल्या, "सामान हलवत जा. कंटाळा करू नका. आणि त्यांच्या क्लीनर साइडची खुर्ची रिकामी राहू देऊ नका."

"बघते," मी म्हटलं. आभार मानायला हवे होते. पण आभार मानले की ती जागा त्यांची होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. अजूनही फोन येतो त्यांचा. ह्यांच्याशी बोलतात पुष्कळ वेळ, मग माझ्याशी दोन वाक्यं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे सवयीने अंगणात जाऊन बसले. स्टिअरिंग मांडीवर घेतलं, पण स्टार्टर मारला नाही. मी बराच वेळ आत काम करत असल्याचं सोंग केलं.

"आपा गेल्या न्हाई का," शेवटी ते म्हणाले.

"कालच नाही का गेल्या."

"मंग आज गाडी बंदच?"

मी हात पुसत बाहेर आले आणि त्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच. तिथून ह्यांचा डावा गाल दिसत होता. कानाखाली दाढीचे पांढरे खुंट राहिले होते. इतके महिने मी बहुतेक त्यांच्या उजवीकडेच बसत आले, म्हणून इतक्या जवळून मला ते कधी दिसले नव्हते.

खुर्ची करकरली तशी कोण बसलं ते न बघताच ह्यांनी स्टार्टर मारला. हायवेला लागलो. आपा काय काय विचारायच्या ते मला पाठ होतं, पण विचारायचा धीर होईना. विचारलं आणि "धुकं हाय" म्हणाले तर? हे एकटेच बोलत होते. पंप आला, टपरी आली, मंगल कार्यालय आलं. मी जागी होते, रस्ता बघत होते, आणि आता कामशेतचा चौक येणार हे मला आपोआप कळत होतं.

"आपा, धरून बसा," हे म्हणाले. "वळतोय."

आणि कुणी न सांगता, कुणी न विचारता त्यांनी मान डावीकडे वळवली. पूर्ण वळवली, अगदी माझ्या खांद्यापर्यंत. ती आपांसाठी वळली होती, माझ्यासाठी नाही, हे मला पक्कं कळत होतं. त्यांची नजर माझ्या साडीवरून वर सरकली आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली.

"तू व्हय?"

"मीच," मी म्हटलं, आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.